बोडीची खबर

टपरीवर रोज हाच प्रश्न:
"काय जी कंपाउंडर, बोडीत काही हाये का?"
जसं काही पाण्याची नाडी
मीच धरून बसलो आहे.

तर ऐका.
उगवतीच्या पाळीवर बेशरम माजलाय,
तिथं गळ टाकू नका.
मागच्या आठवड्यात माझे दोन गळ तिथंच गेले
आणि एक चप्पल.
धोब्याच्या दगडाजवळ बोटरी आहे,
काटे जास्त, मासा कमी.
कणकेला दाडक येतो, गांडुळाला शिंगूर;
शिंगूर सोडवताना जपून,
काटा लागला तर रात्रभर
आपला हात दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो.
बारा ते चार म्हशींची वेळ.
म्हशी उठून गेल्या की गढूळ पाण्यात
अर्धा तास बरा जातो.

कतला म्हणाल, तर ग्रामपंचायतीनं
पाच हजार बोटुकली सोडली,
असं फलकावर लिहिलं आहे.
फलक चांगला आहे.
त्यावर खंड्या बसतो.
त्याचा अंदाज माझ्यापेक्षा खरा;
तो हल्ली नाल्यावर जातो.

आणि पतिराम दिघोरे.
त्याच्या बापानं ह्याच बोडीत जाळं टाकून
चार पोरी उजवल्या.
पतिराम पाण्याकडे बघतसुद्धा नाही.
पाळीवर उकिडवा बसतो, बिडी विझवतो,
नाक वर करून जरा थांबतो.
"आज पानी रुसलं हाये," म्हणतो,
नाहीतर, "पानी जड झालं."
बस.
बारा वर्षं त्याच्या शेजारी बसतो आहे,
मला अर्थ लागला नाही.

परवा एकटाच गेलो. दिवस नुकता निघालेला,
धानाच्या बांध्या काठोकाठ.
शिंगाड्याच्या वेलांत घमेल्याएवढी मोकळी जागा,
तिथं पाणी तांबडं दिसलं.
काजळतीज होऊन दोनच दिवस झाले होते,
वाटलं, शिरवलेल्या गौरीचं कुंकू असेल.
मग कुंकू एका बाजूला सरकलं
आणि वळून परत आलं.

मरळीची पिल्लं.
हजार तरी असतील, एका गोळ्यात,
वर येऊन हवेचा घोट घेत, पुन्हा खाली जात.
त्यांच्या खाली, माझ्या दंडाएवढी, ती.
किंवा तो; मरळीत बापही राखण करतो.
मुळीच हलत नव्हती.

पानी जड झालं.
तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात काढली,
किती म्हशींच्या पोटाला कान लावला,
मला तरी कळायला हवं होतं.

हातात गळ होता, गळाला बेडकी.
पिल्लं असली की मरळ भुकेनं नाही,
रागानं तोंड मारते.
हे मला ठाऊक होतं.
दोन किलो सहज,
आणि साकोलीचा बाजार उद्याच.

किती वेळ उभा होतो कोण जाणे.
पायाला जळू लागली तेव्हा समजलं.
बेडकी सोडवली, काठावर ठेवली,
तर ती मूर्ख तिकडंच निघाली,
तांबड्या पाण्याकडं.
उरलेल्या चपलेनं
तिला धानाच्या बाजूला हाकललं.

"काय जी कंपाउंडर, हाये का काही?"
"काही नाही," मी म्हणालो. "नुसता बेशरम."
कोपऱ्यात पतिराम बशीनं चहा पीत होता.
मान वर न करता बोलला,
"खरं हाये. पानी मेलं. मी पायलं ना.
दिवारीवरी कोनी जाऊच नोका तिकडं."

पोरं हिरमुसून उठली,
नाल्याच्या गोष्टी करत गेली.
पतिरामनं बशी ठेवली, पैसे दिले,
आणि जाता जाता वाकून
माझ्या पायजम्याला चिकटलेला
शिंगाड्याच्या वेलाचा तुकडा काढला,
झटकला नाही,
बंडीच्या खिशात घातला.